आई बरी होईपर्यंत मूल कुठं थांबणार?

व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेल्या माणसाच्या हाती मूल सोपवावं का, या प्रश्नावर आमच्या बोगादीच्या घरात गेले काही महिने वाद चालू आहे. एका बाजूला मावशी. महाराष्ट्रातल्या एका कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून तिची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे म्हैसूरला राहायला आली. दुसऱ्या बाजूला तिची भाची, म्हणजे माझी धाकटी बहीण. ती इथून जवळच, म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारात, मानसशास्त्रात संशोधन करते आणि तिचा विषय नेमका हाच आहे. मावशीनं भांडणाऱ्या घरांतली मुलं पाहिली आहेत. बहिणीनं अभ्यास वाचले आहेत आणि निदान झालेल्या आयांशी तासन्‌तास बोलली आहे. दोघींचं बोलणं थोडं जुळवून इथं देते. मला कोणाचं काय पटलं, तेही मधेमधे सांगेन.

आधी एवढं सांगायला हवं, की व्यक्तिमत्त्व विकारांचे प्रकार अनेक असले तरी आईबापपणावरचं बहुतेक संशोधन 'बॉर्डरलाइन' या एकाच प्रकारावर झालं आहे. भावना क्षणात टोकाला जाणं, आपल्याला सोडून देतील ही जीव खाणारी भीती, सकाळी सर्वस्व वाटणारा माणूस संध्याकाळी वैरी वाटणं, स्वतःला इजा करून घेणं, अशी त्याची लक्षणं. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत हे निदान १९८० साली आलं.

मावशी : नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसायचा. दाराबाहेर चपला वाजल्या की बोलता बोलता थांबायचा, कान द्यायचा. मला बरेच दिवस वाटलं, घाबरट असेल. मग कळलं, आईच्या पावलांवरून तिचा आजचा दिवस कसा आहे हे तो ओळखत होता. घरी किती बोलायचं, काय मागायचं, सगळं त्यावर ठरायचं. रात्री ती रडायला लागली की तो उशाशी बसून तिला सांगायचा, 'मी तुला सोडून कुठं जाणार नाही.' नऊ वर्षांचं पोर आईला सांभाळत होतं गं. तुझ्या अभ्यासांत हा मुलगा कुठं आहे?

भाची : आहे, मावशी. मॅकफी आणि स्वान या दोघांचा २००९ चा अभ्यास बघ. चार ते सात वर्षांच्या मुलांना अर्धवट गोष्टी दिल्या आणि पुढं काय झालं ते सांगायला लावलं. ज्यांच्या आयांना बॉर्डरलाइनचं निदान होतं, त्यांच्या गोष्टींत मूलच मोठ्यांना सांभाळताना जास्त वेळा दिसलं. टाकून दिलं जाण्याची भीतीही जास्त होती. तुझा मुलगा त्या गोष्टींतलाच.

मावशी : मग वाद कुठं उरला?

भाची : पुढं काय करायचं, तिथं उरला. पण आधी पुरावा पूर्ण मांडू दे. तुझ्या बाजूचा आहे म्हणून मी तो झाकणार नाही. लंडनमध्ये पीटर हॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांपासून सुरुवात केली. २००३ च्या अभ्यासात दोन महिन्यांची बाळं होती. आईनं थोडा वेळ बाळाशी खेळायचं, मग काही क्षण चेहरा निर्विकार ठेवायचा, आणि पुन्हा खेळायला लागायचं. आईचा चेहरा थिजला की कुठलंही बाळ अस्वस्थ होतं. पण निदान असलेल्या आयांची बाळं नजर जास्त फिरवत होती, सुन्न झाल्यासारखी बघत होती, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावरही नीट रमत नव्हती. २००५ मध्ये त्यांनी वर्षाची बाळं घेतली. निदान असलेल्या दहा आयांपैकी आठ जणींच्या बाळांचा आईशी असलेला बंध विस्कळीत आढळला. म्हणजे आई थोडा वेळ बाहेर जाऊन परत आली, की तिच्याकडे धावावं की तिच्यापासून दूर राहावं, हे बाळालाच ठरवता येत नव्हतं.

मावशी : दहापैकी आठ! आणि तरी तू मला धीर धर म्हणतेस?

भाची : दहाच आया होत्या, मावशी. तुलनेला ज्या निरोगी आया होत्या, त्यांच्याही सत्तावीस टक्के बाळांत हेच दिसलं. निदान असलेल्या दोघींच्या बाळांत दिसलं नाही. त्या दोघींनी काय वेगळं केलं, ते मला कळून घ्यायचंय.

इथं मी मधे बोलले. इतक्या थोड्या घरांवरून एवढं मोठं विधान करायचं का, असं मी विचारलं. बहिणीचं उत्तर प्रामाणिक होतं: अभ्यास लहान आहेत, पण वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या वयाच्या मुलांवर झालेले बहुतेक अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. २०१२ साली स्टेफनी स्टेप आणि सहकाऱ्यांनी सगळं एकत्र वाचून काढलेला निष्कर्ष मला विशेष लक्षात राहिला. या आया सतत वाईट वागतात असं त्यात नाही. त्यांचं वागणं दोन टोकांमध्ये हेलकावतं: कधी मुलात नको इतकं गुंतणं, कधी पूर्ण अलिप्त होणं, कधी कडक ताबा, कधी सगळं सैल. सतत कडक असलेल्या आईची मुलाला सवय तरी होते. इथं त्याला रोज सकाळी आई नव्यानं ओळखावी लागते. मावशीचा तो मुलगा पावलं का ऐकत होता, हे मला तेव्हा समजलं.

भाची : आणि यात प्रेम कमी असतं असा कुणी अर्थ काढू नये. हॉब्सन यांच्या २००९ च्या अभ्यासात या आया बाळासमोर घाबरलेल्या, भांबावलेल्या जास्त दिसल्या. बाळ रडायला लागलं की आईच्या आतलं काहीतरी जुनं उसळतं, आणि बाळाला शांत करायचं सोडून आधी स्वतःलाच सावरावं लागतं. सिडनीत लुईस न्यूमन यांनी अशा आयांना विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःला आई म्हणून कमी समाधानी, कमी सक्षम म्हटलं. त्यांना कळत असतं गं.

मावशी : कळत असतं, हे मी पाहिलंय. माझ्यासमोर त्या ढसढसा रडल्यात. पण आईला कळून मुलाला काय मिळतं?

भाची : कळतं म्हणूनच शिकवता येतं. हा विकार जन्मभर तसाच राहतो, ही समजूत मोडून बरीच वर्षं झाली. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनरिनी यांनी १९९२ पासून २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान करण्याइतकी उरली नाहीत, आणि तेही सलग किमान दोन वर्षं.

मावशी : किती वर्षांत म्हणालीस?

भाची : दहा.

मावशी : दहा वर्षांत तो नऊ वर्षांचा मुलगा एकोणीसचा होतो. तुझे ९३ टक्के मला मान्य. आईसाठी ती आनंदाची बातमी आहे, मीही तिच्यासाठी हात जोडेन. पण आई बरी होईपर्यंत मूल कुठं थांबणार? त्याचं बालपण त्या दहा वर्षांतच आलं आणि गेलं. आणि लक्षणं गेली म्हणजे संसार नीट झाला, असं तुझा अभ्यास म्हणतो का?

भाची : नाही म्हणत. लक्षणंही गेली आणि कामधंदा, नातीही नीट चालली, असे निम्मेच निघाले.

९३ टक्क्यांच्या आकड्यापुढं मावशीचा प्रश्न मला फार मोठा वाटला, अजूनही वाटतो. रुग्णाच्या आयुष्यात दहा वर्षं हा एक टप्पा असतो. मुलाचं जवळजवळ सगळं लहानपण त्यात बसतं. बरं होण्याच्या अभ्यासांत वेळ मोजतात ती रुग्णाची. त्या वेळात मूल किती वाढलं, ते कुणी मांडत नाही. बहिणीलाही हे झोंबलं असावं, कारण पुढचं बोलताना तिनं आवाज खाली आणला.

भाची : म्हणूनच तर मी म्हणते, आधी आई बरी होऊ दे आणि मग आईपण, असा क्रम लावूच नये. आपल्या शेजारी वाक्‌श्रवण संस्था आहे. १९६५ पासून देशभरातून लोक मुलांना घेऊन तिथं येतात. मुलाला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तर तिथं मुलावर उपचार होतात आणि आईबापांनाही बसवून शिकवतात: घरी कसं बोलायचं, समोर बसून चेहरा कसा दाखवायचा, शब्द कसा पुन्हा पुन्हा आणायचा. तुला येत नाही म्हणून मूल दुसऱ्याकडे दे, असं तिथं कुणी म्हणत नाही. आईला शिकवणं हा मुलाच्याच उपचाराचा भाग असतो. व्यक्तिमत्त्व विकाराच्या बाबतीत आपण हे का करत नाही? आईला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, तिथं तिच्या मुलाबद्दल कुणी विचारत नाही. मुलाला शाळेतल्या समुपदेशकाकडे पाठवतो, तिथं आईच्या आजाराबद्दल कुणाला ठाऊक नसतं.

मावशी : आणि शिकवायचं म्हणजे काय? 'मुलावर ओरडू नकोस' हे मीही सांगितलंय. शंभरदा.

भाची : ऑस्ट्रेलियातल्या वुलनगॉन्ग विद्यापीठात 'प्रोजेक्ट एअर' नावाचा उपक्रम आहे. त्यांनी अशा आईबापांसाठी थोड्या बैठकांची पद्धत बसवली. पहिलं काम, मूल सुरक्षित आहे ना ते बघायचं. मग आई बरी असताना, शुद्धीत आणि शांत असताना, तिच्याच हातानं एक कागद लिहून घ्यायचा: माझा तोल जायला लागला की सर्वांत आधी काय दिसतं, तेव्हा मूल कुणाकडे जाईल, शाळेतून कोण आणेल, त्याला झोपताना काय लागतं, त्याच्या औषधाची वेळ कोणती. तिसरं, मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगायचं, की आईला कधीकधी भावना आवरत नाहीत, तो तिचा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करायचं काम तुझं नाही.

मावशी : हे शेवटचं वाक्य माझ्या त्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मला या सगळ्यात त्या कागदाचं महत्त्व सर्वांत जास्त वाटतं. आई चांगली की वाईट, या प्रश्नाला तो हातच घालत नाही. वादळ येणार हे धरून चालतो आणि मुलाच्या डोक्यावर छप्पर कुठलं, एवढंच ठरवतो. शिवाय तो आई स्वतः लिहिते. म्हणजे वाईट दिवसांतही तिच्या मुलाची काळजी तिनंच घेतलेली असते.

मावशी : पण एक सांग. आपल्याकडे हा कागद लिहिला की तो कुणाच्या हाती पडेल? माझ्याकडे आलेल्या कित्येक प्रकरणांत 'व्यक्तिमत्त्व विकार' हे शब्द डॉक्टरांच्या आधी नवऱ्याच्या वकिलांनी उच्चारलेले असायचे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं एक व्याख्या घातलीय. मनाच्या विकारामुळे माणूस अतिशय आक्रमक किंवा बेजबाबदार वागत असेल, तर तो घटस्फोटाचा आधार होऊ शकतो. उपचारानं तो बरा होणारा असो वा नसो. ते शेवटचे शब्द मी किती जणांच्या तोंडून ऐकलेत. ज्या बाईनं भांडणात ताट भिरकावलं तिला विकार चिकटवायचा. तिला तसं करायला लावणारा मात्र शांत, समंजस, इस्त्रीच्या शर्टात येऊन बसलेला.

भाची : हे तू बोलतेयस?

मावशी : मीच बोलतेय. मुलाची बाजू घेते म्हणजे मी आईची वैरी नाही. न्यायालयंही आंधळी नाहीत. नुसत्या आजाराच्या नावावर विवाह मोडता येणार नाही, त्याची तीव्रता किती ते बघावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच म्हटलंय. ते प्रकरण स्किझोफ्रेनियाचं होतं. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, असं १९५६ चा कायदा सांगतो. पण त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलंय, आणि 'हित' हा शब्द आला की निदानाचा कागद पुढं सरकवला जातो.

भाची : आणि त्या कागदावरून जवळजवळ काहीच कळत नाही! अमेरिकी पद्धतीत बॉर्डरलाइनची नऊ लक्षणं आहेत, त्यातली कुठलीही पाच असली की निदान. म्हणजे हेच नाव मिळण्याच्या २५६ वाटा झाल्या. एक आई मनगट कापते पण मुलावर कधी आवाज चढवत नाही. दुसरी स्वतःला हात लावत नाही, मुलाला मात्र दर दोन दिवसांनी 'मी निघून जाईन' म्हणून धमकावते. नाव दोघींचं एकच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२ पासून लागू झालेल्या यादीत व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे काढून टाकले. आधी तीव्रता विचारतात, सौम्य, मध्यम की तीव्र. न्यायाधीशासमोर जायला हवं ते वर्णन: या घरात, या मुलाबरोबर, वाईट दिवशी नेमकं काय होतं?

मावशी : ते वर्णन कोण देणार? सासू?

यावर दोघी बराच वेळ बोलल्या आणि मला हा भाग सर्वांत आपला वाटला. लंडन, सिडनी इथले अभ्यास बहुधा आई आणि बाळ या दोघांभोवती फिरतात. आपल्या घरात आजी असते, काका-काकू असतात, शेजारी हक्कानं आत येतात. मावशीचं म्हणणं, ती मोठी सोय आहे: आईचा तोल गेला की पोर आजीच्या कुशीत. बहिणीला ते अर्धंच मान्य. मार्शा लिनहन यांनी या विकाराची जी उपपत्ती मांडली, तिच्यात दोन गोष्टी एकत्र येतात: जन्मतःच फार हळवा स्वभाव, आणि त्या माणसाला जे वाटतं ते खोटं ठरवणारं घर. याच लिनहन यांनी या विकारासाठी आज सर्वांत जास्त तपासलेली उपचारपद्धती उभी केली, आणि तरुणपणी आपण स्वतः याच यातनेतून गेलो हे २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

भाची : आता आपलं घर डोळ्यांपुढं आण. सून रडली तर 'एवढं काय झालं रडायला', चिडली तर 'माहेरचं वळण', गप्प बसली तर 'तोरा'. मूल हे सगळं बघतं. आजीच्या कुशीत गेल्यावर त्याला ऐकू काय येतं? 'तुझी आई वेडी आहे.' मग ती कूस आधार राहत नाही, मूल दोन माणसांत ओढलं जातं. आजीला यात घ्यायचं तर तिलाही शिकवावं लागेल.

मावशी : बरोबर. पण आजी नसती तर त्यातली काही मुलं आज दिसली नसती, हेही लिहून ठेव.

भाची : लिहिते. आणि बाप?

मावशी : बापाचं काय?

भाची : मी वाचलेल्या अभ्यासांत बाप जवळजवळ नाहीच. निदान आईचं, निरीक्षण आईचं, दोषही आईचा. आपल्याकडे तर बापाला निदानापर्यंत कुणी नेतच नाही. ताटं तो रोज भिरकावतो, आठवडा आठवडा अबोला धरतो, आत्महत्येच्या धमक्या देतो, आणि घर म्हणतं, स्वभाव तापट आहे. त्याच्याही पावलांचा आवाज ऐकत मुलं मोठी होतात.

मावशी : तशी मुलं तर माझ्याकडे आलेल्यांत जास्त होती.

यावर बहिणीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. संशोधनातली ही पोकळी लहान नाही. एका पालकाकडे प्रकाशझोत लावून दुसऱ्याला अंधारात ठेवलं, तर त्या घराबद्दल आपण जे काही म्हणू ते अर्धंच असणार.

मग बोलणं पुन्हा मूळ प्रश्नावर आलं: मुलाला आईपासून वेगळं करायचं का, आणि कधी?

भाची : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात याचा एक नमुना आहे. आई उपचारासाठी दाखल असेल आणि मूल तीन वर्षांखालचं असेल, तर त्यांना साधारणपणे वेगळं करायचं नाही. मुलाला धोका असेल तर तात्पुरतं करायचं, पण तेव्हाही देखरेखीखाली भेटी चालू ठेवायच्या, दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा, आणि तीस दिवसांवर गेलं तर वरची परवानगी घ्यायची. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा वेगळा विभाग आहे, प्रभा चंद्रा यांनी उभा केलेला. तो प्रामुख्यानं बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकारांसाठी. पण तत्त्व तेच, दोघं एकत्र आणि डोळ्यांसमोर.

मावशी : तीन वर्षांच्या वरच्याला? नऊ वर्षांच्याला?

भाची : त्याच्यासाठी असं काही लिहिलेलं नाही.

मावशी : म्हणून माझी अट ऐक. दर पंधरा दिवसांनी फेरविचार, ही मला आवडलेली गोष्ट आहे. पण फेरविचारात आईला विचारतात, डॉक्टरांना विचारतात. मुलालाही विचारायचं, एकट्याला, दोघांपैकी कुणी दाराशी उभं नसताना. आणि त्याला इजा होत असेल, किंवा मरणाच्या धमक्या त्याच्या अंगावर टाकल्या जात असतील, तर त्या दिवशी त्याला तिथून काढायचं. तुझा कागद, तुझ्या बैठका, सगळं त्यानंतर. तिथं मी तुझं ऐकणार नाही.

भाची : तिथं मीही तुझ्याविरुद्ध नाही. पण तू असं नुसतं बोललीस तरी काय होतं माहीत आहे? माझ्याशी बोललेल्या आयांमधल्या कित्येकींनी उपचार सुरूच केले नाहीत. एकच भीती, डॉक्टरकडे नोंद झाली की उद्या मूल जाईल. घरून फुकट, मराठीतही बोलता येतं अशी सरकारी टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर. तिथंही नाव सांगायला घाबरतात. आजार लपवायचा आणि मूल वाचवायचं, असा त्यांचा हिशोब असतो. त्या लपवण्यात आणखी वर्षं जातात, मुलाचीच.

यावर मावशी लगेच बोलली नाही. तिच्या आयुष्यभराच्या कामावरच हा आक्षेप होता. मला बहिणीचं म्हणणं पूर्ण पटलं: मुलाला वाचवण्यासाठी उगारलेला धाकच त्याच्या आईला उपचारांपासून दूर ठेवत असेल, तर त्या धाकाचा हिशोब मांडायलाच हवा. पण 'त्या दिवशी काढायचं' ही मावशीची रेघ पुसावी असं मला अजिबात वाटत नाही.

मावशी : मग न्यायालयात एक उलटा नियम करायला हवा. उपचाराला जाणं हे आईच्या विरुद्ध वापरता येणार नाही. मुलाच्या ताब्याचा विचार करताना ते तिच्या बाजूनं धरायचं. 'मी डॉक्टरकडे जाते, मी कागद लिहिलाय, या दिवशी माझा तोल गेला आणि मूल ठरल्याप्रमाणे बहिणीकडे गेलं', असं जी आई उभी राहून सांगते, ती माझ्या लेखी मुलाची जबाबदारी घेणारी आई. आणि जो बाप 'मला काहीच झालेलं नाही' एवढंच सांगतो, त्याला मी आणखी चार प्रश्न विचारीन.

भाची : हे तू लिहून देशील? माझ्या प्रबंधात कौटुंबिक न्यायालयाचं प्रकरण अजून कोरं आहे.

मावशी : देईन. पण दर पंधरा दिवसांनी मुलाला एकट्याला विचारायचं, हे त्यात पहिलं कलम असेल. ते तू खाली ढकललंस तर मी सही करणार नाही.